बोटभर काचेचा फसवा भरवसा

‘पाच मिनिटांत येतो’ म्हणत कुत्र्याला बंद गाडीत ठेवणारे काच बोटभर खाली करून निर्धास्त होतात. हा भरवसा फसवा आहे. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांचा अभ्यास २००५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात उन्हात उभ्या गाडीतला पारा तासाभरात सरासरी २२ अंश सेल्सिअसने चढला. ८० टक्के वाढ पहिल्या अर्ध्या तासातच झाली. काच किंचित उघडी ठेवूनही फारसा फरक पडला नाही. कुत्र्याला माणसासारखा अंगभर घाम येत नाही. मुख्यतः धापा टाकूनच तो शरीर थंड ठेवतो. आतली हवाच तापली, की तो उपायही तोकडा पडतो. पगसारख्या चपट्या नाकाच्या जातींना धोका अधिक. खरेदीला जाताना कुत्र्याला घरीच ठेवणे, हाच खरा जिव्हाळा.