लोह : जमिनीतले, मुळांना मिळणारे आणि पेशीतले

जबलपूर जिल्ह्यातील सिहोरा-गोसलपूर परिसर लोहखनिजाच्या खाणींसाठी परिचित आहे. म्हणून तेथील पिकांना लोह भरपूर मिळत असेल, असे मानणे मात्र घाईचे ठरेल. हेमॅटाइटमधील लोह पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. जमिनीतील एकूण लोह, मुळांना उपलब्ध होणारे लोह आणि पेशीतील मोकळे लोह या तीन निराळ्या बाबी आहेत. सल्ला देताना हा भेद सुटला, तर त्याची किंमत शेतकरी मोजतो.

श्वसन व प्रकाशसंश्लेषण चालू असताना पेशीत हायड्रोजन पेरॉक्साइड सतत तयार होते. त्याची मोकळ्या फेरस लोहाशी अभिक्रिया झाली, की हायड्रॉक्सिल मूलक निर्माण होतो. लोह-पेरॉक्साइड जोडीची तीव्र ऑक्सिडीकरणक्षमता हेन्री फेंटन यांनी १८९४ मध्ये दाखवली. हा मूलक पेशीपटल, प्रथिने व डीएनए यांना इजा करतो आणि त्याला निष्प्रभ करणारे खास विकर पेशीकडे नाही. म्हणूनच वनस्पती आणि कीटक दोघेही जादा लोह फेरिटिन या प्रथिनात बंदिस्त ठेवतात. मात्र पेरॉक्साइडचे विघटन करणाऱ्या कॅटालेज विकरालाही लोहच लागते. परिणामी कमतरता आणि अतिरेक, दोन्ही पेशीवर ताण आणतात.

चुनखडीयुक्त जमिनीत लोह असूनही उसाच्या, भुईमुगाच्या कोवळ्या पानांवर केवडा दिसतो. याउलट आम्लधर्मी, निचरा नसलेल्या भातखाचरात ऑक्सिजनअभावी फेरिक लोहाचे फेरस होते आणि मुळे ते प्रमाणाबाहेर शोषतात. खालच्या पानांवर शेंड्याकडून बारीक तपकिरी ठिपके पसरतात. हे तपकिरी तुडतुड्यांचे नुकसान समजून कीटकनाशक फवारले, तर खर्च वाया जातो. शिवाय कोळ्यांसारखे मित्रजीव मरून तुडतुडे खरोखरच वाढू शकतात.

तुडतुडे चुडाच्या बुंध्याशी असतात आणि त्यांचे नुकसान शेतात गोलाकार पट्ट्यांत दिसते. बुंधा स्वच्छ असेल, तर आधी निचरा तपासावा. हिराकसही सरसकट सुचवू नये; कोवळ्या पानांवर केवडा असेल आणि माती परीक्षणात उपलब्ध लोह किलोमागे ४.५ मिलिग्रॅमपेक्षा कमी आढळले, तरच तो द्यावा. फवारणीची शिफारस लिहिण्यापूर्वी विस्तार कार्यकर्त्याने एकदा वाकून चूड बाजूला सारून पाहणे, हेच सर्वांत स्वस्त पीकसंरक्षण आहे.