ज्वारीवर ज्वारी

"बारीक दळा हं."

गिरणीत बसायला लागून मला सव्वीस वर्षं झाली. या काळात हे दोन शब्द किती वेळा कानावर पडले, त्याचा हिशेब नाही. डबा टेकवायचा, झाकणाखाली चिठ्ठी सरकवायची, 'बारीक दळा' म्हणायचं आणि भाजी घ्यायला निघून जायचं. पहिली दोन-तीन वर्षं मी इमानेइतबारे बारीक दळत राहिलो आणि इमानेइतबारे बोलणी खात राहिलो. एकीच्या पोळ्या वातड झाल्या, दुसरीची भाकरी थापताना फाटली, तिसरीचा बेसनलाडू टाळूला चिकटला. तिघींनीही सांगितलं होतं बारीकच.

वडील गल्ल्यावर असताना दळण हातात घेण्याआधी विचारायचे, "करणार काय याचं?" मला तो आगाऊपणा वाटायचा. पुण्यात राहून गिऱ्हाइकाला असलं काही विचारायचं म्हणजे 'तुम्हाला काय करायचंय?' ऐकायची तयारी हवी. वडिलांना मात्र कधी कुणी तसं म्हटलं नाही. स्वयंपाकाचं विचारलं की माणसं उलट दोन गोष्टी जास्त सांगतात. पुरणपोळीची कणीक म्हटली की वडील एक जातं वापरायचे, थालीपिठाची भाजणी म्हटली की दुसरं. लाडवाची डाळ हाताला रवाळ लागली पाहिजे. मोदकाची पिठी असेल, तांदूळ धुऊन सावलीत वाळवलेला असेल, तर चिमटीत धरल्यावर कण लागता कामा नये. यातल्या प्रत्येक डब्यावरच्या चिठ्ठीत शब्द एकच असायचा.

भाकरीचं गणित मला फार उशिरा कळलं. जाती घट्ट आवळली की पीठ बारीक पडतं, पण गरमही पडतं. तापलेल्या ज्वारीच्या पिठाची विरी जाते. विरी गेली की पीठ कितीही मळा, थापताना भाकरी कडेनं चिरते. म्हणजे ती बाई माझ्याकडे न फाटणारी भाकरी मागत होती. तिनं त्याला 'बारीक' हे नाव दिलं, मी चाक आणखी दोन आटे फिरवलं आणि तिची भाकरी फाडून ठेवली. चूक तिची कशी म्हणायची? जात्याचा आटा तिला माहीत असायचं काही कारण नाही.

आमची गिरणी सिंहगड रस्त्यावर आहे. वडिलांनी ती टाकली तेव्हा आजूबाजूला शेतं होती. आता समोरच्या एका इमारतीत सोलापूर, जळगाव, रत्नागिरी आणि लातूर एकाच जिन्यानं चढतात. नव्यानं राहायला आलेल्या एक ताई एकदा डबा घेऊन आल्या. "कळणं आहे, दळून द्या." आमच्याकडे कळणा म्हणजे डाळीची चुरी, कोंड्याच्या जोडीनं गुरांना घालायची. मी म्हटलं, "म्हैस आहे का तुमच्याकडे?" त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की बास. डबा उघडला तर ज्वारीत काळे उडीद. मी समजूतदारपणे विचारलं, "उडीद सांडले वाटतं?" आणि सूप पुढे केलं.

खानदेशात ज्वारी आणि उडीद एकत्र दळून जी भाकरी करतात, तिलाच कळण्याची भाकरी म्हणतात, हे त्या दिवशी मला समजलं. ताई रागानं निघाल्याच होत्या. हातापाया पडून दळून दिलं, तर दुसऱ्या दिवशी मिरचीच्या ठेच्यासह अर्धी भाकरी आणून माझ्यासमोर ठेवली आणि म्हणाल्या, "ही बघा तुमची म्हैस." तेव्हापासून अनोळखी शब्द ऐकला की मी आधी डब्यात हात घालतो, मग तोंड उघडतो. आता खानदेशातली सात-आठ घरं कळणं घेऊन माझ्याकडे येतात. एवढी जाहिरात पैसे मोजूनही झाली नसती.

अनारशाचे तांदूळ ही आणखी एक अडचण. तीन दिवस भिजवलेले, अर्धवट वाळलेले. ओलं धान्य घातलं की जात्याला पीठ लिंपून बसतं, म्हणून बहुतेक गिरण्यांत पाटीच असते: 'ओले धान्य दळले जाणार नाही.' आमच्याकडेही होती. पण तांदूळ खडखडीत वाळवून दळले तर अनारसा बिघडतो. बाईला तळणीत बिघडलेला अनारसा दिसला की शिव्या कुणाला, हे सांगायला नको. शेवटी दिवाळीआधीचे चार दिवस ठरवले. रात्री साडेआठनंतर फक्त ओले तांदूळ घ्यायचे आणि मग घरची दोन किलो ज्वारी घालून जातं मोकळं करायचं. पाटी काढली. पाटी लावणं सोपं असतं, पण तिच्यामुळे परत गेलेली माणसं आपल्याला दिसत नाहीत.

गिरणीची जुनी मोटर किर्लोस्करांची. तिच्याकडे पाहिलं की मला लक्ष्मणरावांचा लोखंडी नांगर आठवतो. बेळगावात सायकलचं दुकान चालवलेल्या या माणसानं नांगर तयार केला, तर शेतकरी घेईनात. लोखंडानं जमीन विषारी होईल, अशी त्यांना भीती. नांगर किती खोल जातो, किती टिकतो, हे सांगून काय उपयोग? समोरच्याचं मन जमिनीत अडकलेलं होतं. 1910 मध्ये किर्लोस्करवाडी उभी राहिली. पण त्याआधी लक्ष्मणरावांनी किती बांधांवर उभं राहून ऐकून घेतलं असेल, याचं मला जास्त अप्रूप आहे.

मी मात्र न ऐकता एक उद्योग केला. 2023 हे पौष्टिक तृणधान्य वर्ष होतं. जो तो नाचणी, ज्वारी, राळं विचारायला लागला. मला वाटलं, हीच वेळ. आठ धान्यं आणली, एकत्र दळली, अर्ध्या-अर्ध्या किलोच्या पिशव्या भरल्या, वर हिरवं कणीस छापून घेतलं. रोजच्या काकूंनी पिशवी उलटीपालटी करून पाहिली आणि विचारलं, "निवडलं कुणी?" मी म्हटलं, मीच. त्या हसल्या आणि पिशवी जागेवर ठेवली. बंद पाकिटातलंच पीठ घ्यायचं असतं तर त्या जिना उतरून माझ्याकडे आल्याच नसत्या. स्वतः निवडलेला दाणा डोळ्यांदेखत जात्यात जातो आणि आपल्याच डब्यात पडतो, याचे पैसे त्या मला देत होत्या. तीस पिशव्यांत पोरकिडे झाले. हिरव्या कणसाचा ब्लॉक अजून माळ्यावर आहे.

(आपल्या भाषेत एखाद्याला फसवून त्याची मजा बघण्याला 'गिऱ्हाईक करणं' म्हणतात. हा वाक्प्रचार दुकानदारांबद्दल फारसं चांगलं बोलत नाही. त्या वेळी मात्र माझं गिऱ्हाईक मीच केलं होतं.)

आता जे सांगायचं आहे, ते सांगायला जड जातं.

एक ताई दर पंधरवड्याला ज्वारी आणायच्या. चिठ्ठीवर ठळक अक्षरांत 'ज्वारीवर ज्वारी'. यात नवीन काही नाही. गव्हावर ज्वारी दळली तर पहिल्या ओंजळभर पिठात गहू येतो, म्हणून सगळेच तसं सांगतात. या ताई मात्र सकाळी गिरणी उघडायच्या आधी येऊन उभ्या राहायच्या. "काल रात्री यावर काय दळलं? जातं पुसलं का?" मला वाटलं, सोवळ्याचं घर असणार. एकदा घाईत मी म्हणालो, "हो हो, ज्वारीच होती." गहू होता. दळून दिलं.

पाचव्या दिवशी त्या आल्या. ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. मुलाला सिलिअॅक आहे म्हणाल्या. गव्हातलं ग्लुटेन त्याच्या आतड्याला चालत नाही, बोटाला लागलेल्या पिठाएवढंसुद्धा नाही. चार दिवस तो शाळेत गेला नव्हता. ज्वारी, बाजरी, नाचणी, तांदूळ त्याला चालतात. पण त्यांत गव्हाचा कण नको.

मी त्यांना आत बोलावलं आणि दिवा लावून दाखवलं. भिंतीवर, पट्ट्यावर, पंख्याच्या पात्यांवर, माझ्या भुवयांवर सगळीकडे गव्हाचं पीठ. जात्यांची जोडी वेगळी ठेवून भागणार नव्हतं, कारण हवेतच गहू होता. इतकी वर्षं आपण कुणाला काय देत आलो, हे तेव्हा डोळ्यांसमोर आलं. म्हटलं, "ताई, माझ्याकडे दळू नका. कुठल्याच गिरणीत दळू नका. घरघंटी घ्या, आणि त्यात गहू कधीच घालू नका." त्यांनी घेतली. महिन्याला दोन डबे कमी झाले. पण मी काय द्यायला हवं आहे, हे पहिल्यांदा मला नीट कळलं होतं, आणि ते माझ्या दुकानात नव्हतं.

पुढचा प्रश्न ज्वारी आणायची कुठून. वाण्याकडे ती गव्हाच्या पोत्याला लागूनच असते, दोन्हीला मापही एकच. मंगळवेढ्याच्या मालदांडी ज्वारीला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. तिकडचा एक शेतकरी माझ्या ओळखीचा आहे. सुगी झाली की तो एक पोतं नव्या गोणीत शिवून पाठवतो. टेम्पोवाल्याला सांगून ठेवलंय, ते गिरणीत उतरवायचं नाही, सरळ त्यांच्या जिन्याशी न्यायचं.

पैसे घ्यायला मी संध्याकाळी जातो. ताई आत या म्हणतात. मी दारातूनच हात पुढे करतो. सदऱ्यावर पीठ असतं.