नव्या टॅबलेटची वाट खुशाल बघा, डोळे तपासायला मात्र थांबू नका

"मॅडम, पुढच्या मॉडेलमध्ये ओएलईडी डिस्प्ले येणार म्हणतात. थांबू, की आत्ताच घेऊन टाकू?"

चष्म्याचा नंबर काढता काढता हा प्रश्न हल्ली मला वरचेवर ऐकायला मिळतो. विचारणाऱ्यांनी बराच अभ्यास केलेला असतो. कुणाला चकचकीत काच नको, मॅटच हवी. कुणी ई-इंकशिवाय दुसऱ्या पडद्याकडे बघायला तयार नसतो. कुणी डार्क मोडचा पक्का पुरस्कर्ता, तर कुणी त्याचा कट्टर विरोधक.

मी डोळ्यांची डॉक्टर आहे, कॉम्प्युटरची जाणकार नाही. कोणती कंपनी कधी काय आणणार, याबद्दल तुमचा अंदाज माझ्यापेक्षा चांगला असेल. पण या चर्चांमध्ये "डोळ्यांसाठी चांगला" हे शब्द इतके सहज वापरले जातात, की त्याबद्दल बोलणे मला भाग आहे. माझे मत आधीच सांगून टाकते: आजच्या आणि उद्याच्या पडद्यात जो फरक आहे, त्याच्या कितीतरी पट फरक बरोबर नंबराचा चष्मा, योग्य अंतर आणि अक्षरांचा आकार यांनी पडतो. आणि या तीन गोष्टींसाठी कुठल्याही नव्या मॉडेलची वाट पाहावी लागत नाही.

वाट पाहण्याला अंत नसतो

एक जुने उदाहरण घेऊ. मार्च २०१२ मध्ये मोठ्या आयपॅडला 'रेटिना' पडदा मिळाला, इंचाला २६४ पिक्सेलचा. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये छोटा आयपॅड मिनी आला, पण त्याच्या पडद्यावर इंचाला १६३च पिक्सेल होते. लगेच वाद सुरू झाला: हा घ्यायचा, की रेटिना मिनीसाठी थांबायचे? तो वर्षभराने आला, ३२६ पिक्सेल घेऊन. मग चर्चा ओएलईडीकडे सरकली. मे २०२४ मध्ये आयपॅड प्रोला ओएलईडी पडदा मिळाला. तेव्हापासून मॅकबुकला तो कधी मिळणार याची चर्चा रंगते आहे. तो आला की आणखी पुढचे काहीतरी असेलच.

हौस म्हणून वाट पाहायला माझी हरकत नाही. पण डोके दुखते आहे, डोळे जळजळतात, संध्याकाळी अक्षरे धूसर होतात, आणि त्यावर उपाय म्हणून तुम्ही नव्या मॉडेलची वाट पाहत असाल, तर गणित चुकते आहे.

माझे एक पेशंट, वय ४६, अकाउंट्सचे काम. दिवसभर लॅपटॉप. दुपारनंतर कपाळ आणि मान दुखायची. "लॅपटॉपचा डिस्प्लेच खराब आहे, नवीन येतोय, तो घेतला की संपलं" म्हणून त्यांनी आठ महिने काढले. नवा, महागडा लॅपटॉप आला. डोकेदुखी जिथल्या तिथे. तपासले तर साधी गोष्ट निघाली. त्यांचा चाळिशीचा चष्मा जवळचे वाचण्यासाठी, म्हणजे सुमारे ४० सेंटीमीटरसाठी बनवलेला होता. लॅपटॉपचा पडदा ६० सेंटीमीटरवर. त्या अंतरावर नीट दिसावे म्हणून ते हनुवटी वर करून, मान पुढे काढून बसायचे. कॉम्प्युटरच्या अंतराचा वेगळा चष्मा दिला आणि तीन आठवड्यांत त्रास बराच उतरला. त्यांचा जुना लॅपटॉप आता मुलगी वापरते. तिची काहीच तक्रार नाही.

डोळ्याला किती पिक्सेल दिसतात?

आम्ही ज्याला ६/६ दृष्टी म्हणतो, तो डोळा साधारण एका अंशाच्या साठाव्या भागाएवढे बारकावे वेगळे ओळखू शकतो. त्यावरून हिशेब असा निघतो:

- फोन ३० सेंटीमीटरवर धरला, तर इंचाला सुमारे २९० पिक्सेलच्या पुढे ठिपके वेगळे दिसत नाहीत.
- टॅबलेट ४० सेंटीमीटरवर असेल, तर ही मर्यादा सुमारे २२०.
- कॉम्प्युटर ६० सेंटीमीटरवर असेल, तर सुमारे १४५.

काहींची नजर ६/६ पेक्षाही तीक्ष्ण असते. त्यांना थोडा जास्त फरक कळतो. पण २६४ पिक्सेलचा टॅबलेट हातभर अंतरावर धरल्यावर त्याहून जास्त पिक्सेलसाठी पैसे मोजणे म्हणजे बहुतेकांसाठी न दिसणारी गोष्ट विकत घेणे आहे.

उलट बाजूही सांगते, कारण ती खरी आहे. २४ इंची फुल एचडी मॉनिटरवर इंचाला फक्त ९२ पिक्सेल असतात. तिथे अक्षरांच्या कडा खरोखरच खडबडीत दिसतात. २७ इंची ४के मॉनिटरवर हा आकडा १६३ होतो आणि फरक कळतो. म्हणजे अक्षरे स्पष्ट दिसावीत म्हणून खर्च करायचाच असेल, तर तो टेबलावरच्या मॉनिटरवर करा, टॅबलेटच्या पुढच्या मॉडेलवर नको.

आणि आपण मराठी वाचणाऱ्यांनी एक गोष्ट विशेष लक्षात ठेवावी. आपल्या लिपीत मात्रा, अनुस्वार, रफार आणि जोडाक्षरे आहेत. इंग्रजी ज्या आकारात आरामात वाचता येते, त्याच आकारात 'द्ध' आणि 'द्व' यांतला फरक शोधावा लागतो. त्यामुळे मराठी वाचताना अक्षरे एक-दोन पायऱ्या मोठी करा. त्यात वय झाल्याची लाज वाटण्यासारखे काही नाही.

निळ्या प्रकाशाचा बागुलबुवा

"यातून निळा प्रकाश कमी येतो" ही जाहिरात तुम्ही पाहिली असेल. स्क्रीनमधून येणारा निळा प्रकाश दिवसा उघड्या आकाशातून येणाऱ्या निळ्या प्रकाशाच्या तुलनेत अगदी थोडा असतो. रोजच्या वापरातल्या स्क्रीनमुळे दृष्टिपटल खराब होते, असा पुरावा नाही. निळा प्रकाश गाळणाऱ्या चष्म्यांबद्दल २०२३ साली कॉक्रेन या संस्थेने १७ चाचण्यांचा एकत्रित आढावा घेतला. साध्या चष्म्याच्या तुलनेत कॉम्प्युटरवरचा डोळ्यांचा ताण या चष्म्यांनी निदान थोड्या काळात तरी कमी होत नसावा, असाच त्याचा निष्कर्ष होता.

झोपेचा मुद्दा वेगळा आहे. रात्री उशिरापर्यंत उजळ स्क्रीन पाहिली की झोप लांबते. पण त्यावरचा उपाय फुकट आहे: झोपण्याच्या तासभर आधी स्क्रीन बाजूला ठेवा.

मॅट, ओएलईडी, डार्क मोड, ई-इंक

मॅट काच: तुमच्या पाठीमागे खिडकी किंवा ट्यूबलाइट असेल, तर चकचकीत काचेवरच्या प्रतिबिंबाने नक्की त्रास होतो. मॅट काच तिथे उपयोगी पडते. पण आधी टेबल फिरवून पाहा. खिडकी बाजूला आली की अर्धे काम होते.

ओएलईडी: यात काळा रंग खरोखर काळा दिसतो, चित्रपट सुंदर दिसतात. मात्र अशा अनेक पडद्यांवर उजेड कमी करण्यासाठी प्रकाश सेकंदाला काहीशे वेळा चालू-बंद होतो. बहुतेकांना ते जाणवत नाही, पण काहींचे डोके दुखते. तुम्ही त्यातले असाल, तर दुकानात पडद्याचा उजेड मंद करून दहा-पंधरा मिनिटे वाचून पाहा. दुसऱ्याचा अभिप्राय इथे कामाचा नाही, डोके तुमचे आहे.

डार्क मोड: अंधाऱ्या खोलीत ठीक. पण काळ्यावर पांढरी अक्षरे वाचताना बाहुली मोठी होते, आणि ज्यांना सिलिंड्रिकल नंबर आहे त्यांना अक्षरांभोवती पसरट कडा दिसतात. उजेडात, लांबलचक वाचनासाठी पांढऱ्यावर काळी अक्षरेच बहुतेकांना सोपी जातात.

ई-इंक: ज्यांना नुसते वाचायचे आहे, त्यांच्यासाठी उत्तम. कागदासारखा, बाहेरच्या प्रकाशात दिसणारा पडदा. पण सलग तीन तास वाचले, तर कागदावरही डोळे थकतात, इथेही थकणारच.

मग त्रास होतो कशाने?

सर्वात मोठे कारण म्हणजे आपण पापण्या मिटायला विसरतो. एरवी आपण मिनिटाला साधारण पंधरा वेळा पापणी मिटतो. स्क्रीनकडे टक लावून पाहताना हे प्रमाण निम्म्यावर किंवा त्याहून खाली येते. त्यात एसीचा झोत किंवा समोरचा पंखा असला, की डोळ्यांवरचा पाण्याचा थर सुकतो. मग रखरख, जळजळ, वाळू गेल्यासारखे वाटणे, मधूनच धूसर दिसणे. हा कोरडेपणा एलसीडीवर जितका होतो, तितकाच ओएलईडीवर होतो.

दुसरे कारण, जवळ पाहताना डोळ्याच्या आतला स्नायू सतत आकसलेला राहतो. पडदा जितका लहान, तितका आपण तो जवळ ओढतो आणि स्नायूवर ताण वाढतो. तिसरे कारण, नसलेला किंवा चुकीचा नंबर.

म्हणून खरेदी करताना माझा क्रम असा आहे: आधी पडद्याचा आकार, मग प्रतिबिंब किती पडते ते, मग उजेड खोलीप्रमाणे कमी-जास्त करता येतो का ते. बाकी सगळे तुमच्या आवडीवर आणि खिशावर. घरी आणल्यावर पडदा हातभर लांब आणि नजरेच्या थोडा खाली ठेवा. दर वीस मिनिटांनी वीस सेकंद वीस फुटांपलीकडे पाहा, आणि तेव्हा चार-पाच वेळा पापण्या पूर्ण मिटा.

मुलांसाठी कोणता टॅबलेट?

हा प्रश्न मला सर्वात जास्त काळजीत टाकतो. मागे एक आई-बाबा सात वर्षांच्या मुलीला घेऊन आले. ती टॅबलेट अगदी तोंडाजवळ धरायची. "आहे तो जुना, धूसर आहे. चांगल्या डिस्प्लेचा येतोय म्हणून वर्षभर थांबलोय. डोळ्यांना कोणता बरा?" वडिलांनी तीन मॉडेलचे तक्ते मोबाइलमध्ये काढून आणले होते.

मी मुलीचा उजवा डोळा झाकला आणि तक्ता वाचायला सांगितला. तिला वरची दोन मोठी अक्षरेच दिसली. डाव्या डोळ्याला मोठा प्लस नंबर होता, तो कधी तपासलाच गेला नव्हता. उजवा डोळा चांगला असल्याने ती सगळे काम त्यावर निभावत होती, म्हणून घरात किंवा शाळेत कुणाच्या लक्षात आले नाही. याला आम्ही आळशी डोळा म्हणतो. टॅबलेट जवळ धरायची तिला नुसती सवय होती, या नंबराशी त्याचा संबंध नव्हता. पण त्या निमित्ताने ती आली, हे तिचे नशीब.

आळशी डोळ्याचे उपचार जितके लहान वयात सुरू होतील तितके चांगले. चष्मा लावायचा, चांगला डोळा रोज काही तास झाकायचा, आणि धीर धरायचा. तिचा डोळा सुधारतो आहे. पण ते एक वर्ष आधी मिळाले असते तर काम सोपे झाले असते, हे मला त्या बाबांना सांगावे लागले. ते बराच वेळ गप्प बसले. चूक त्यांची एकट्याची नव्हती. मुलाच्या डोळ्यांची काळजी म्हणजे चांगला डिस्प्ले, असे आपण सगळ्यांनीच मानून घेतले आहे.

म्हणून मुलांबद्दल थोडक्यात सांगते. वर्षाच्या आतल्या बाळाला स्क्रीन नको आणि २ ते ४ वर्षांच्या मुलांना दिवसाला एक तासापेक्षा जास्त नको, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये सांगितले आहे. मोठ्या मुलांना वाढत्या मायनस नंबरापासून वाचवणारी सर्वात भरवशाची गोष्ट म्हणजे दिवसाउजेडी बाहेर खेळणे, रोज दोन तास. तैवानमधल्या शाळांनी २०१० पासून यावरच भर दिला आहे. अभ्यासाला स्क्रीन लागणारच असेल, तर टॅबलेटऐवजी ती टीव्हीवर किंवा मॉनिटरवर लावून दूर बसवा. आणि शाळेत घालण्याआधी एकदा, नंतर दरवर्षी, दोन्ही डोळे वेगवेगळे झाकून तपासून घ्या.

एक छोटी चाचणी आजच घरी करा. मुलाचा एक डोळा हाताने हलकेच झाका, समोरच्या कॅलेंडरवरची तारीख वाचायला सांगा. मग दुसरा. एका डोळ्याने वाचता येत नसेल किंवा मूल हात ढकलून देत असेल, तर या आठवड्यातच डॉक्टर गाठा. हीच चाचणी स्वतःवरही करा. चाळिशी उलटली असेल, मधुमेह असेल किंवा घरात कुणाला काचबिंदू असेल, तर त्रास नसला तरी दरवर्षी तपासणी हवी. अचानक कमी दिसणे, डोळ्यांसमोर वीज चमकल्यासारखे होणे किंवा पडदा आल्यासारखे वाटणे, यांत एक दिवसही दवडू नका.

नवा टॅबलेट आज घ्या, पुढच्या वर्षी घ्या, नाहीतर घेऊच नका. तो केव्हाही मिळेल, आणि बहुधा स्वस्तही होईल.