बक्षिसाचं गाव

परवा माझ्या पुतण्याचा फोन आला. तो ग्रामपंचायत अधिकारी आहे, म्हणजे आमच्या वेळचा ग्रामसेवक! सप्टेंबर २०२५ मध्ये सुरू झालेल्या मुख्यमंत्री समृद्ध पंचायतराज अभियानाबद्दल भरभरून बोलत होता. राज्यात पहिल्या येणाऱ्या गावाला कोटींचं बक्षीस! "काका, गाव कामाला लागलं होतं!" मी "छान" म्हणालो खरा, पण फोन ठेवल्यावर मन वीस वर्षं मागे गेलं.

तेव्हा मी नागपूर जिल्ह्यातल्या एका खेड्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवत होतो. केंद्राचा निर्मल ग्राम पुरस्कार २००५ पासून मिळू लागला होता. लोकसंख्येप्रमाणे ५० हजारांपासून ५ लाखांपर्यंत रक्कम. मुख्य अट अशी, की गावात कुणी उघड्यावर बसता कामा नये.

आमच्याही गावाला ओढ लागली. पहाटे 'गुड मॉर्निंग पथक' निघायचं, त्यात आम्ही शिक्षकही असायचो. एका पहाटे बाभळीआड एक म्हातारी दिसली. माझ्याच वर्गातल्या पोराची आजी. शिट्टी माझ्या हातात होती आणि ती मी वाजवली. ती धडपडत उठली, पदर तोंडावर ओढला. दुपारी शाळेच्या फाटकाशी आली आणि एवढंच म्हणाली, "प्याले पानी नाई गुर्जी, संडासात कोठून ओतू?"

मी काय बोलणार? मान खाली घातली.

समिती आली, गाव चकाचक दिसलं, पुरस्कार मिळाला, कमान उभी राहिली. दोन उन्हाळ्यांनी पाहिलं तर म्हातारीच्या संडासात गोवऱ्या रचल्या होत्या. ते तपासायला मात्र कुणीच फिरकलं नाही.

पुतण्या म्हणेल, बक्षीस नसतं तर संडासच झाले नसते. काही अंशी खरं आहे. निर्मल ग्राम पुरस्कार सर्वाधिक मिळाले ते महाराष्ट्रातल्याच गावांना, आणि त्यामागे लोकांचं श्रमदान होतं. तो पुरस्कार निदान निकष पुरे करणाऱ्या प्रत्येक गावाला मिळायचा. आता तर पहिला, दुसरा, तिसरा! मी आयुष्यभर वर्गात नंबर काढले. पहिला नंबर बहुतेक वेळा ज्याच्या घरी दिवा आणि पुस्तकं असत, त्याचाच यायचा. गावांचंही तसंच. ज्याच्याकडे पाणी आणि रस्ता आहे ते जिंकणार. टँकरवर जगणाऱ्या गावाने टाळ्या वाजवायच्या?

पैसा गरजेप्रमाणे आधी द्यावा. १५व्या वित्त आयोगाने २०२१-२६ साठी ग्रामपंचायतींच्या अनुदानातला ६० टक्के हिस्सा पाणी आणि स्वच्छतेसाठी बांधून दिला होता. तो गावाचा हक्काचा पैसा, त्यासाठी कुणाला शर्यतीत धावावं लागलं नाही. बक्षीस द्यायचंच असेल तर निम्मं तीन वर्षांनी द्या, आणि समितीने गावात येऊन सर्वांत आधी सर्वांत गरीब घराचं दार वाजवावं. कमान नंतर पाहा.

आपल्या विदर्भातले गाडगेबाबा गावात येत, आधी झाडू हाती घेत, रात्री कीर्तन करत आणि पुढच्या गावाला निघून जात. स्वच्छतेच्या स्पर्धेला त्यांचंच नाव दिलं आपण!

म्हातारी केव्हाच गेली. तिची माफी मागायची राहिली. म्हणून हे लिहिलं. पुतण्या हे वाचेलच. त्याने रागवावं, पण एकदा पहाटे गावाबाहेर चक्कर मारून यावं. शिट्टी न घेता.