उपकाराची भाषा बंद करा!

डिसेंबर २०२० मध्ये अमेरिकेच्या मेजर लीग बेसबॉलने ऐटीत जाहीर केले, की १९२० ते १९४८ या काळातील कृष्णवर्णीयांच्या सात निग्रो लीगना आम्ही मेजर लीगचा दर्जा बहाल करीत आहोत. बहाल करणारे हे कोण? सॅचेल पेजसारख्या कृष्णवर्णीय पिचरला यांनी प्रमाणपत्र द्यावे, म्हणजे दरोडेखोराने घरमालकाला मालकीची पावती फाडून द्यावी!

१९०६ साली अलाबामातील मोबाइल गावी गरिबीत जन्मलेला, सुधारगृहात चेंडूफेक शिकलेला पेज १९२६ पासून व्यावसायिक मैदानात होता. याच्याहून श्रेष्ठ पिचर आपण पाहिला नाही, अशी ग्वाही जो डिमॅजिओसारखा गोरा फलंदाज देत होता. हंगाम संपला की गोरे खेळाडू त्याच्याशी प्रदर्शनीय सामने खेळत, गल्ल्यातला वाटा घेत. हंगाम सुरू झाला की मेजर लीगचे दार बंद! बंदीचा लेखी नियम नव्हता. या भेकडांना आपल्या पापाखाली सही करण्याचीही हिंमत झाली नाही. बेसबॉलचे कमिशनर लँडिस १९२० पासून १९४४ पर्यंत गादीवर होते. त्या अमदानीत एकाही कृष्णवर्णीयाला प्रवेश मिळाला नाही.

१९४८ मध्ये मेजर लीगच्या क्लीव्हलँड संघाने पेजला घेतले तेव्हा त्याला ४२ वर्षे पूर्ण झाली होती. त्या वयात त्याने सहा सामने जिंकले, एकच गमावला. १९६५ मध्ये, ५९ व्या वर्षी, बॉस्टनला तीन डावांत एकही धाव करू दिली नाही. मग पंचविशीतला पेज कोणी गिळला? निग्रो लीगमधला जॉश गिब्सनसारखा बलाढ्य फलंदाज तर १९४७ मध्ये ही बंदी मोडून जॅकी रॉबिन्सन मेजर लीगमध्ये उतरण्याच्या तीनच महिने आधी, पस्तिसाव्या वर्षी मरण पावला. त्याचा हिशेब कोण देणार?

निर्लज्जपणा एवढ्यावर थांबला नाही. १९७१ मध्ये बेसबॉलच्या हॉल ऑफ फेमने पेजसाठी निराळा कोपरा योजला. सन्मानातही विटाळ! लोकांनी झोडपल्यावरच तो बेत सोडला गेला. गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या ज्या अमेरिकनांना जोतीराव फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ अर्पण केली, त्यांच्या नावाला या मंडळींनी काळिमा फासला.

२०२० मध्येच सर्वोत्तम खेळाडूच्या पारितोषिकावरून लँडिसचे नाव काढले, २०२४ मध्ये निग्रो लीगचे आकडे वहीत घेतले. एवढ्याने फेड होत नाही. १९४७ पूर्वीच्या प्रत्येक गोऱ्या विक्रमापुढे ठळक अक्षरांत छापा: कृष्णवर्णीयांना बंदी असताना केलेला विक्रम. एवढे धैर्य नसेल, तर दर्जा वाटण्याचा अधिकार तुम्हाला नाही!