देवपूरची रायफल आणि रद्दीत गेलेला परवाना

१/ धुळ्याच्या देवपूर भागातील एका वाचकमित्राने गेल्या महिन्यात विचारले, "आजोबांची विलायती शिकारी रायफल त्यांच्या पश्चात शस्त्रविक्रेत्याकडे जमा आहे. घरात कोणालाच ती नको. विकली तर काय किंमत येईल?" मी उलट विचारले, "आजोबांच्या परवान्याची जुनी पुस्तके आहेत का?" उत्तर आले, "ती दिवाळीच्या साफसफाईत रद्दीला गेली." हा थ्रेड त्या उत्तराविषयी आहे.

२/ जुन्या शिकारी बंदुकांचा विषय निघाला की आपल्या इतिहासप्रेमी वर्तुळात दोन पक्ष पडतात. एक म्हणतो, वारसा विकणे हे पाप. दुसरा म्हणतो, 'संस्थानिकाची रायफल, वाघ मारलेली' अशी जाहिरात करा, भाव चढेल. मला दोन्ही पक्ष अमान्य आहेत. रायफल खुशाल विकावी. मात्र तिचे कागद आधी वाचावेत, जपावेत, आणि त्यांत जे निघेल ते सगळे सांगावे. आज नेमके उलटे घडते. लोखंड जपले जाते आणि कागद फेकले जातात.

३/ आधी कायदा, कारण घाई तिथूनच सुरू होते. परवानाधारक वारला की शस्त्र बाळगण्याचा हक्क वारसाकडे आपोआप येत नाही. १९५९ च्या शस्त्र अधिनियमानुसार ते पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावे लागते. ठरलेल्या मुदतीत वारसाने स्वतःचा परवाना मिळवला नाही किंवा विक्री केली नाही, तर शस्त्र सरकारजमा होऊ शकते. २०१९ च्या दुरुस्तीने एका व्यक्तीला ठेवता येणाऱ्या शस्त्रांची संख्याही तीनवरून दोनवर आली. त्यामुळे अनेक घरांतील तिसरी बंदूक बाहेर पडली.

४/ खासगी विक्रीलाही शिस्त आहे. घेणारा परवानाधारक हवा. त्याचे नाव व पत्ता जिल्हा दंडाधिकाऱ्यांना किंवा जवळच्या पोलीस ठाण्याला लेखी कळवून किमान ४५ दिवस थांबावे लागते. "अँटिक आहे, परवाना लागत नाही" असे सांगणाऱ्यापासून सावध राहा. केवळ वयामुळे चालू स्थितीतील रायफल कायद्याबाहेर जात नाही. शंका असल्यास परवाना शाखेला लेखी विचारावे. शंभर वर्षांहून जुनी वस्तू पुरावशेष ठरते आणि ती खासगीरीत्या परदेशी पाठवता येत नाही. तेव्हा लंडनच्या लिलावातील आकडे पाहून हुरळू नये.

५/ आता इतिहास. रायफल स्वतः काय सांगते? नळीवर कारखानदाराचे नाव, अनुक्रमांक, लंडन किंवा बर्मिंगहॅमच्या चाचणीगृहाचे ठसे, बोअर. कधी कलकत्त्याच्या मँटनसारख्या विक्रेत्याचे नाव. बोअरमागेही राजकारण असते. बंडखोरांच्या हाती पडलेल्या जुन्या लष्करी रायफलींना गोळ्या मिळू नयेत, म्हणून विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात ब्रिटिश सरकारने हिंदुस्थानात .४५० बोअरवर बंदी घातली. शिकारी रायफलींचे .४६५, .४७० हे बोअर त्या बंदीतून जन्माला आले.

६/ रिग्बी, हॉलंड अँड हॉलंड, वेस्टली रिचर्ड्स या विलायती कारखानदारांनी आपल्या जुन्या वह्या सांभाळल्या आहेत. अनुक्रमांक कळवला की रायफल कधी बनली, कोणाला विकली गेली, हे बहुधा समजते. म्हणजे देवपूरच्या घरातील बंदुकीची पहिली नोंद लंडनच्या वहीत सुखरूप आहे, आणि पुढच्या साठ-सत्तर वर्षांच्या नोंदी धुळ्याच्या रद्दीवाल्याकडे गेल्या आहेत. याचा दोष आपण इंग्रजांना देऊ शकत नाही.

७/ "परवान्याच्या पुस्तकात असे काय असते?" धारकाचे नाव, शस्त्राचे वर्णन, काडतुसांची मर्यादा, परवाना कोणत्या हद्दीत चालेल ती हद्द, दरवेळच्या नूतनीकरणाचे शिक्के, आणि कारण: शिकार, पीकसंरक्षण, आत्मसंरक्षण. कोणत्या घराला बंदूक मिळाली, कोणत्या वर्षी मिळाली, कोणत्या वर्षी नाकारली गेली, हे गावाच्या सत्तारचनेचे चित्र त्यात उमटलेले असते.

८/ त्यासाठी १८७८ हे साल ध्यानात ठेवा. लॉर्ड लिटनच्या कारकीर्दीत त्या एकाच वर्षी तीन कायदे आले. देशी भाषांतील वृत्तपत्रांच्या मुस्कटदाबीचा कायदा आपण शाळेत शिकतो. शस्त्र कायद्याने हिंदी माणसाला परवान्याची सक्ती केली आणि युरोपियनांना सूट दिली. तिसरा वन कायदा. त्याने राखीव जंगले निर्माण केली आणि तिथल्या शिकारीवर सरकारी नियम बसवले.

९/ खानदेशात शस्त्र आणि वन हे दोन कायदे एकाच माणसावर येऊन आदळले. तो माणूस म्हणजे सातपुड्यातला भिल्ल. त्याआधी वीसच वर्षांपूर्वी, ११ एप्रिल १८५८ रोजी, आंबापाणी येथे भिल्ल कंपनी सरकारशी लढले होते. खाज्या नाईक आणि भीमा नाईक यांची नावे त्या उठावाशी जोडलेली आहेत. पुढे परवाना असलेला बंदूकवाला 'शिकारी' म्हणवला जाऊ लागला, आणि धनुष्यबाण घेऊन जंगलात शिरणारा भिल्ल 'चोरटी शिकार करणारा' ठरू लागला. जंगल तेच होते. कागद कोणाकडे, एवढाच फरक होता.

१०/ याची सुरुवात आणखी मागे जाते. १८२५ साली जेम्स औट्रम याने खानदेशात भिल्ल पलटण उभारायला घेतली. पुढे धरणगाव हे तिचे ठाणे झाले. औट्रम बावीस वर्षांचा होता. भिल्लांचा विश्वास मिळवण्याचे त्याचे एक मोठे साधन म्हणजे वाघाची शिकार. त्याच्या इंग्रज चरित्रकाराने दिलेली गणती प्रसिद्ध आहे: १८२५ ते १८३४ या काळात औट्रम १९१ वाघांच्या मृत्यूस जातीने हजर होता.

११/ हा आकडा आपले लोक अभिमानाने सांगतात: "आमच्या खानदेशात एवढे वाघ होते!" होते, हे खरे. पण त्या १९१ वाघांचा माग कोणी काढला? झुडपांत कोण शिरले? हाका कोणी घातला? जखमी वाघ कोणावर उलटला? औट्रमपुढे १९१ चा आकडा लागला. हाकेवाल्यांच्या नावांची अशी यादी कोणी केली नाही. ज्या कथेत वाघ मोजले जातात आणि माणसे मोजली जात नाहीत, ती कथा अर्धी आहे.

१२/ "पण नामांकित रायफलींना किंमत कथेमुळेच येते ना?" अवश्य. सर्वांत प्रसिद्ध उदाहरण घेऊ. जिम कॉर्बेटची .२७५ रिग्बी. चंपावतची नरभक्षक वाघीण १९०७ मध्ये मारल्याबद्दल संयुक्त प्रांताचे लेफ्टनंट गव्हर्नर सर जॉन ह्यूएट यांनी ती त्याला भेट दिली. तसा मजकूर कोरलेली पट्टी तिच्यावर आहे. २०१५ मध्ये रिग्बी कंपनीनेच ती परत मिळवली.

१३/ मौज अशी की चंपावतची वाघीण या रायफलीने मारलेली नाही. ही नंतरचे बक्षीस आहे. कॉर्बेटच्या हाती त्या दिवशी .५०० बोअरची रायफल आणि तीन काडतुसे होती. ती संपल्यावर त्याने धावत जाऊन तहसीलदाराची जुनी बंदूक घेतली आणि शेवटचा बार तिने काढला. हाक्याला २९८ गावकरी जमले होते. बिनपरवाना बंदुकांकडे आपण डोळेझाक करू, असे तहसीलदाराने आधीच जाहीर केले होते.

१४/ हे सारे आपल्याला ठाऊक आहे, कारण कॉर्बेटने ते स्वतः लिहून ठेवले. तहसीलदाराची बंदूक, गावकऱ्यांची संख्या, चोरून ठेवलेली हत्यारे, सगळे. त्यामुळे रिग्बीची शोभा कमी झाली का? उलट वाढली. एका बक्षिसामागे एक अख्खा डोंगर उभा होता, हे कळले. खरी हकीकत सांगितली की वस्तूचे मोल उतरते, ही भीती निराधार आहे.

१५/ एक आक्षेप मी गंभीरपणे घेतो: "आजोबांना आजच्या तराजूत का तोलता? तेव्हा शिकार कायदेशीर होती." बरोबर आहे. परवाना काढून शिकार होत असे. एके काळी वाघ मारल्याबद्दल सरकारच इनाम देई. वन्यजीव संरक्षण कायदा आला १९७२ साली. आजोबांवर खटला भरण्याचा माझा हेतू नाही. पण आजोबांचे शौर्य सांगताना हाकेवाल्याचे नाव गाळायचे आणि वर 'काळच तसा होता' म्हणायचे, ही पळवाट आहे. काळ तसा होता, म्हणूनच तो पूर्ण लिहिला पाहिजे.

१६/ आणि हे धुळ्यात घडावे, याची खंत अधिक. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे घरोघर हिंडून दप्तरे गोळा करीत. त्यांनी देह ठेवला तो याच धुळ्यात, ३१ डिसेंबर १९२६ रोजी. त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ १९२७ पासून इथे उभे आहे. समर्थांच्या हस्तलिखितांसाठी वाग्देवता मंदिरही इथेच आहे. ज्या गावाने महाराष्ट्राला कागद जपायला शिकवले, त्याच गावात पांझरेच्या पलीकडे देवपुरात परवान्याची पुस्तके किलोच्या भावाने जातात!

१७/ तेव्हा रायफल विकण्यापूर्वी एवढे करा.
• विक्रेत्याच्या देखत अनुक्रमांक, ठसे, बोअर यांची छायाचित्रे घ्या.
• कारखानदाराला पत्र लिहा.
• परवाने, शिकारीचे पास, काडतुसांच्या पावत्या, पत्रे स्कॅन करा.
• घरातील वडीलधाऱ्यांना बोलते करा: कोणत्या गावी जात, हाक्याला कोण असे, मजुरी काय देत.
• शक्य असल्यास त्या पाड्यावर जा. तिथल्या आठवणी वेगळ्या निघतील, त्याही लिहा.
• कागद संशोधन संस्थेला द्या, निदान त्यांच्या प्रती तरी.
• वाघाचे कातडे वा मुंडके घरात असेल तर ते वेगळे प्रकरण आहे. ते विकण्याचा विचारही नको, वनखात्याशी बोला.

१८/ वाघ अजून खानदेशातून पुरता गेलेला नाही. मुक्ताईनगर तालुक्यात डोलारखेडा-वढोद्याच्या बाजूला त्याचा वावर आहे. त्या रानाजवळच्या पाड्यांत हाकेवाल्यांची नातवंडे-पतवंडेही आहेत. विचारायला माणसे आहेत. आणखी वीस वर्षांनी ती नसतील.

१९/ देवपूरच्या मित्राने परवा पुन्हा लिहिले. आत्याच्या ट्रंकेत एक छायाचित्र सापडले. मधोमध आजोबा, हाती तीच रायफल, बाजूला चार माणसे. मागे शाईने आजोबांचे नाव, गावाचे नाव, आणि पुढे 'व हाकेवाले'. रायफलीचा सौदा त्याने थांबवलेला नाही; ४५ दिवसांची नोटीस गेली आहे. पण येत्या रविवारी तो ते छायाचित्र घेऊन त्या गावी जाणार आहे, चार नावे विचारायला.

२०/ तुमच्या घरी, आजोळी, वाड्याच्या माळ्यावर असे परवाने, पास, छायाचित्रे असतील तर या दिवाळीपूर्वी शोधा. रायफलीची किंमत मला विचारू नका. ती परवानाधारक विक्रेता सांगेल. छायाचित्रातील माणसांची नावे मात्र जरूर कळवा. थ्रेड समाप्त.