'रानटी' माणसासाठी घडवलेली गोळी

मोठ्या बोअरची, म्हणजे रुंद नळीतून सुटणारी, गोळी लागली की माणूस जागच्या जागी कोसळतो, असं मला अनुभवी पोलीस अधिकारीही छातीठोकपणे सांगतात. शवविच्छेदनाच्या टेबलाशी आयुष्य गेलेल्या माझ्यासारख्या डॉक्टरला ते पटत नाही. आणि हा समज रुजला कसा, हे वाचल्यावर तर चीड येते.

वेब्ली रिव्हॉल्व्हरचं ०.४५५ इंची काडतूस ब्रिटिश लष्करात १८९१च्या सुमारास आलं. शिशाची गोळी २६५ ग्रेनची, म्हणजे सतरा ग्रॅमची. वेग सेकंदाला दोनशे मीटरच्याही आत. तेवढ्यानं भागेना, म्हणून १८९८ मध्ये 'मॅनस्टॉपर' निघाली. वजन २१८ ग्रेन, तोंडाला वाटीसारखा खळगा. अंगात शिरताच कडा फाकाव्यात आणि जखम रुंदावी, म्हणून.

पुढच्याच वर्षी हेग परिषदेत अशा फाकणाऱ्या गोळ्यांवर बंदीचा ठराव आला. ब्रिटनचे प्रतिनिधी सर जॉन आर्डा यांनी त्याला विरोध केला. त्यांचं म्हणणं असं, की सुधारलेल्या देशाचा सैनिक बारीक गोळी लागली तरी लढाई सोडतो, रानटी माणूस मात्र अंगावर येतच राहतो. हा रानटी माणूस म्हणजे साम्राज्याशी लढणारा वायव्य सरहद्दीवरचा पठाण. ब्रिटनने ती बंदी मान्य केली १९०७ मध्ये.

अमेरिकेनेही हेगला विरोधातच मत दिलं होतं. फिलिपिन्समध्ये अमेरिकी सैन्याशी लढणारे मोरो लढवय्ये ०.३८च्या गोळ्या खाऊनही थांबत नाहीत, ही तक्रार पुढे आली. मग १९०४ मध्ये अमेरिकी लष्करातले अधिकारी थॉम्पसन आणि लष्करी शल्यवैद्य लागार्ड यांनी शिकागोच्या कत्तलखान्यात जिवंत गुरांवर गोळ्या झाडून पाहिल्या, मृतदेहांवरही झाडल्या. मूठभर जनावरं, त्यांचे निकालही एकमेकांशी न जुळणारे. तरी निष्कर्ष ठाम निघाला, ०.४५हून लहान बोअर नको. १९११चं प्रसिद्ध कोल्ट पिस्तूल त्याच बोअरचं.

शरीराचं म्हणणं वेगळं आहे. मेंदू किंवा मज्जारज्जूच्या वरच्या भागावर घाव बसला तरच माणूस तत्क्षणी पडतो. हृदय फाटलं तरी मेंदूत दहा-पंधरा सेकंद पुरेल इतका प्राणवायू उरतो. तेवढ्या वेळात धावता येतं, वारही करता येतो. मोरो धावला तसा लंडनचा शिपाईही धावला असता. पिस्तुलाची गोळी मुख्यतः तिच्या वाटेत येणाऱ्या ऊतीच फाडते. म्हणून ती कुठे लागली आणि किती खोल गेली, यावर सगळं अवलंबून. दोन-अडीच मिलिमीटर जास्त रुंदीने फारसा फरक पडत नाही.

हे कळायला अमेरिकेच्या एफबीआयला बरीच वर्षं लागली. १९८६च्या मियामी चकमकीत दोन एजंट मारले गेले. एका हल्लेखोराला लागलेली ९ मिमीची गोळी हृदयाच्या अलीकडेच थांबली होती. त्यानंतर तिथे मोठी काडतुसं आली. २०१४ मध्ये मात्र, गोळ्यांची घडण सुधारल्यावर, त्यांच्याच प्रशिक्षण विभागाने पुन्हा ९ मिमीची शिफारस केली.

आपल्या पोलीस प्रशिक्षणात बोअरच्या ताकदीवर व्याख्यान असेल, तर त्याच दिवशी एक तास न्यायवैद्यकाच्या डॉक्टरला द्यावा. आणि आर्डा यांचं हेगमधलं म्हणणंही शिकाऊ अधिकाऱ्यांना वाचायला द्यावं.